सनई कातणाऱ्याला ओबो जमेल का? लाकूड, पोकळी आणि पत्तीविषयी सविस्तर

प्रश्न असा आहे: "आम्ही सांगली जिल्ह्यातले. वडील देवळात आणि लग्नकार्यात सनई वाजवतात. मी लाकडाचं कातकाम करतो. दोन सनया स्वतः कातल्या, त्या वडील वाजवतातही. पाश्चात्त्य ओबो पारंपरिक पद्धतीनं, हातानं कसा बनवतात? सनई करणाऱ्याला तो जमेल का आणि सुरुवात कुठून करावी?"

जमेल. पण कोणता ओबो, ते आधी ठरवा. चकचकीत चाव्यांची, म्हणजे भोकं उघडझाक करणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची, गर्दी असलेला, आज ऑर्केस्ट्रात दिसणारा ओबो एकट्यानं करायला घेऊ नका. तीनशे वर्षांपूर्वीचा दोन चाव्यांचा बरोक ओबो मात्र तुमच्या लेथवर होऊ शकतो. सनई कातलेल्या माणसाला त्यातलं अर्धं काम ओळखीचं वाटेल. उरलेलं अर्धं बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

मी मिरजेची. सतारमेकर गल्लीच्या आसपास वाढले, दारात वाळत पडलेले भोपळे बघत. पुढे जर्मनीत लुडविग्सबुर्गच्या शाळेत आणि एका लहान कार्यशाळेत मिळून तीन वर्षं सुषिरवाद्यं बनवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं. गेली एकवीस वर्षं ओबो आणि त्याची भावंडं हेच माझं काम आहे, निम्मं नवीन बनवण्याचं, निम्मं दुरुस्तीचं.

सनई आणि ओबो एकाच कुळातले. दोन्हींना तोंडात धरून फुंकायची दुहेरी पत्ती, दोन्हींची पोकळी वरून खाली रुंदावत जाणारी. युरोपात ओबोच्या आधी शॉम नावाचं वाद्य होतं. मिरवणुकीत, मोकळ्या मैदानात वाजायचं, आवाज सनईसारखा लांबवर जाणारा. सतराव्या शतकाच्या मध्यावर, चौदाव्या लुईच्या दरबाराशी जोडलेल्या वादक-कारागिरांनी त्याचं रूप पालटून त्याला दिवाणखान्यात आणलं. त्यात ऑतेतेर घराण्याचं नाव आधी घेतलं जातं. हे लोक नॉर्मंडीतल्या ला कुत्यूर-बुसे या गावचे, लाकूड कातणारे. त्या गावात सुषिरवाद्यांचं संग्रहालय आहे, १८८८ साली सुरू झालेलं. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मला मिरजच आठवली. एक लहान गाव, एक हुन्नर, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणारी घरं.

शॉम अखंड लाकडाचा असायचा. ओबो त्यांनी तीन तुकड्यांत केला: वरचा सांधा, खालचा सांधा आणि प्याला, म्हणजे खालचं फुललेलं तोंड. वाचताना ही सोय वाटते, पण कारागिराच्या दृष्टीनं सगळा फरक इथेच पडला. लांब लाकडात एकाच दमात अचूक शंकू कोरणं फार अवघड. तुकडे आखूड झाले की प्रत्येकासाठी वेगळा रीमर, म्हणजे पोकळी निमुळती कापणारं हत्यार, करता येतो, पोकळी बारीक आणि काटेकोर ठेवता येते. पोकळी बारीक झाली, पत्ती ओठांच्या ताब्यात आली, आणि वाद्य हळू वाजू लागलं.

इथे सनई आणि ओबोची वाट वेगळी होते आणि तुमच्या प्रश्नाचं मर्मही इथेच आहे. सनई कारागिराकडून जे घेत नाही ते वादकाकडून घेते. वडील मींड काढतात तेव्हा बोट भोकावरून सरकतं, ओठ पत्तीवर आवळतात, श्वास बदलतो, आणि स्वर हवा तिथे नेला जातो. त्यामुळे एखादं भोक केसभर इकडेतिकडे असलं तरी ते सांभाळून घेतात. एवढ्यानं भागलं नाही तर भोकाला मेण लावतात. ओबोवाला मात्र साठ-सत्तर वाद्यांच्या मधोमध बसतो, आणि मैफल सुरू होण्याआधी सगळे त्याच्याच स्वराला आपलं वाद्य लावतात. त्याच्या वाद्यात स्वर जागेवर बसलेला हवा, आणि तो तिथे बसवायचं काम कारागिराचं. म्हणजे तुम्ही सनई करताना वादकाला जेवढी मोकळीक ठेवता, तेवढी जबाबदारी इथे तुमच्याच अंगावर येते.

आता पोकळी. क्लॅरिनेटची नळी सरळ असते, म्हणून तो वरच्या टप्प्यात गेला की सप्तक सोडून थेट बाराव्या स्वरावर पोचतो. ओबोची नळी शंकूची, म्हणून तो सनईसारखा बरोबर सप्तकावर चढतो. पण शंकू पूर्ण नसतो. त्याचं निमुळतं टोक कापलेलं असतं, नाहीतर फुंकणार कुठून? त्या कापलेल्या टोकाची जागा पत्ती आणि तिच्याखालची धातूची नळी मिळून भरून काढतात. ही जागा मोजून भरावी लागते. जास्त झाली तर वरचं सप्तक उतरतं, कमी झाली तर चढतं. नवीन कारागीर भोकं कोरत बसतो आणि सप्तकं काही जुळत नाहीत, तेव्हा दहातल्या सात वेळा दोष भोकांत नसून या वरच्या दोन इंचांत असतो. म्हणून लाकडाला हात लावण्याआधी पत्ती करायला शिका. पत्ती माहीत नसताना केलेली पोकळी म्हणजे पाय न मोजता शिवलेली चप्पल.

आजच्या ओबोत ही पोकळी वर पाच मिलिमीटरच्याही आत सुरू होते आणि खालच्या सांध्याच्या शेवटी सोळाच्या आसपास जाते. म्हणजे दर चाळीस मिलिमीटरला जेमतेम एक मिलिमीटर रुंदावते. डोळ्यांना ती नळी सरळच वाटते. बरोक ओबोची पोकळी थोडी मोकळी असते, वर साधारण सहा मिलिमीटर, आणि तिच्यात सांध्याच्या जागी मुद्दाम ठेवलेल्या पायऱ्या असतात. जुनी वाद्यं मोजताना एक लक्षात ठेवावं लागतं: तीनशे वर्षांत लाकूड आकसलेलं असतं, आणि ते सगळीकडून सारखं आकसत नाही. मूळची गोल पोकळी आता लंबगोल झालेली असते. एकाच दिशेनं मोजून नक्कल केली तर त्या कारागिराचं वाद्य हाती लागत नाही, त्याच्या लाकडाचं म्हातारपण लागतं.

लाकडाबद्दल तुम्ही वेगळं विचारलेलं नाही, तरी सांगते. जुने ओबो बहुतेक बॉक्सवूडचे. पिवळसर, दाट आणि एकसारख्या पोताचं लाकूड, लेथवर लोण्यासारखं कातलं जातं. एकोणिसाव्या शतकात हळूहळू काळं आफ्रिकी लाकूड आलं. टांझानिया-मोझांबिकमध्ये त्याला म्पिंगो म्हणतात. शास्त्रीय नाव डाल्बर्गिया मेलानोझायलॉन, म्हणजे आपल्या शिसवाचं सख्खं भावंड. पण वजनात मोठा फरक आहे. शिसव पाण्यावर तरंगतो, म्पिंगो दगडासारखा बुडतो. पोकळीची भिंत त्यात आरशासारखी गुळगुळीत होते, धार टिकते, आणि चाव्यांचे खांब बसवायला आटे धरतात. वाढायला मात्र या झाडाला अनेक दशकं लागतात, आणि वाद्याला लागतं तसं सरळ, निर्दोष लाकूड एका झाडातून फार थोडं निघतं.

२ जानेवारी २०१७ पासून शिसवाचं हे जवळजवळ सगळं कुळच साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात गेलं. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. म्हणजे तुमचा तयार ओबो घेऊन कुणी परदेशात गेलं तर अडचण नाही, पण म्पिंगोचे चौकोनी तुकडे बाहेरून मागवायचे तर कागदपत्रं चोख लागतील. कागद नसलेलं स्वस्त लाकूड कुणी देऊ केलं तर घेऊ नका.

खरं म्हणजे तुम्हाला ते लागणारच नाही. हळदू, म्हणजे आपल्याकडचा हेद, पिवळा आणि बारीक पोताचा असतो. पहिले दोन-तीन सांधे त्याचेच करा. तो बॉक्सवूडपेक्षा हलका आहे, पण हात बसायला फार चांगला. आणखी एक ऐका. तमिळनाडूत कुंभकोणमजवळ नरसिंगपेट्टै गावात नागस्वर बनवतात, त्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते कारागीर आच्चा नावाचं लाकूड वापरतात. आच्चा म्हणजे आपला अंजन. आणि ते नवं लाकूड घेत नाहीत, पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळया-खांब शोधतात. याचं कारण साधं आहे. त्या लाकडानं शंभर पावसाळे पाहिलेले असतात, त्याचं काय आकसायचं ते आकसून झालेलं असतं. तुमच्या भागात जुना वाडा उतरत असेल तर तिथे जाऊन बघा. गाठ नसलेला, रेषा सरळ असलेला हातभर तुकडा मिळाला तर तो जपून ठेवा.

लाकूड जुनं असो वा नवं, माझी पद्धत एकच. चौकोनी तुकडा गोल करते, मधोमध बारीक भोक पाडते, टोकांना मेण लावते आणि ठेवून देते. आतून बाहेरून दोन्हीकडून हवा लागली की लाकूड शांत होत जातं. प्रत्येक तुकड्यावर खडूनं तारीख आणि वजन लिहिलेलं असतं. महिन्या-दोन महिन्यांनी स्वयंपाकघरातल्या साध्या वजनकाट्यावर ठेवते. उन्हाळा-पावसाळा धरून एक अख्खं वर्ष वजन बदललं नाही, तरच पुढचं काम. माझ्या फळीवर नऊ वर्षांपूर्वीची तारीख असलेले तुकडे अजून आहेत.

या बाबतीत मी एकदा घाई केली होती. शिकाऊ होते, दुसऱ्या वर्षात. मास्टर चार दिवस बाहेरगावी होते आणि ते परत येईपर्यंत वरचा सांधा तयार करून दाखवायचा असं मी मनाशी ठरवलं होतं. रीमर फिरवताना भुसा काढायला थांबले नाही. लाकडाला गोडसर, किंचित करपल्यासारखा वास यायला लागला. सांधा हाताला गरम लागत होता, तरी पूर्ण केला. दिसायला सुरेख झाला. तीन आठवड्यांनी खिडकीच्या उजेडात धरला तर वरच्या ट्रिलच्या, म्हणजे दोन शेजारचे स्वर भराभर आलटूनपालटून काढायच्या, दोन भोकांमध्ये केसाएवढी रेघ. मास्टर काही बोलले नाहीत. तो सांधा त्यांनी माझ्या बाकासमोर खिळ्याला टांगला आणि तो वर्षभर तिथेच राहिला. पुढे दुरुस्तीला येणारे शेकडो ओबो पाहिले. तडा जायची सगळ्यांत नेहमीची जागा तीच: वरचा सांधा, ट्रिलची भोकं. तिथे भिंत भोकांनी कमजोर झालेली असते, आणि वादकाचा उबदार ओला श्वास सगळ्यांत आधी तिथेच लागतो. बाहेरून थंड, आतून गरम आणि ओलं, अशी ती ओढाताण असते.

आता पोकळी कोरण्याची रीत. भोक आधी, बाहेरचं अंग नंतर, हा क्रम कधी उलटा करू नका. लाकूड फिरतं ठेवा आणि ड्रिल स्थिर ठेवा, म्हणजे भोक आसाला धरून राहतं. ड्रिल फिरवून लाकूड धरलं तर लांब भोक भरकटतंच. मग जाडीनुसार तीन-चार ड्रिल वेगवेगळ्या खोलीपर्यंत नेऊन आत पायऱ्या तयार करा. त्या पायऱ्या रीमर साफ करतो आणि शंकू उरतो. बाहेरून कातायची वेळ आली की सांधा त्याच्या पोकळीवरच अडकवून काता, म्हणजे भिंतीची जाडी सगळीकडे सारखी येते.

रीमर विकत मिळेल ही आशा सोडा, तो स्वतःच करायचा असतो. ओबो करणाऱ्याची खरी मालमत्ता म्हणजे त्याचे रीमर. पोलादाची कांब घ्या, लेथवर तिला पोकळीचा नेमका उतार द्या. मग ती लांबीतून जवळजवळ निम्मी कानशीनं घासून काढा, म्हणजे तिचा छेद अर्धचंद्रासारखा होईल. सपाट बाजूची कड हीच धार. पोलादाला पाणी द्यायचं की नाही, यावर कारागिरांची मतं वेगळी आहेत. पाणी देताना लांब कांब हमखास वाकते आणि ती सरळ करण्यात आठवडा जातो. तुम्हाला दहा-पंधरा सांधे करायचे असतील तर पाणी न देता, धार वरचेवर लावून काम भागवा. माझा पहिला बरोक संच अजून तसाच आहे.

रीमर फिरवताना सगळं लक्ष हातात असतं. दोन फेरे, बाहेर, भुसा झटकायचा, तेलाचा थेंब, परत आत. रीमरवर खोलीच्या खुणा केलेल्या असतात. शेवटच्या खुणेपाशी आलं की मी लेथ बंद करते आणि रीमर हातानं फिरवते. लाकूड सारखं कापलं जात असेल तर मनगटाला एकसंध, रेशमी ओढ जाणवते. कुठे अडखळलं तर तिथे रेषा तिरकी गेली आहे असं समजायचं. अर्ध्या दशांश मिलिमीटरचा फरक वाद्य वाजवताना मला कळतो, म्हणून इथे घाई म्हणजे पश्चात्तापच. आणि तोंडाला मास्क हवाच. शिसवाच्या कुळातल्या सगळ्या लाकडांचा भुसा त्रासदायक असतो, म्पिंगोचा तर विशेष. कातडीवर पुरळ येतो, छाती भरते. मी सुरुवातीला मास्क लावत नसे, आता दोन शिंका आल्या तरी काम थांबवून खोली पुसते.

बाहेरच्या कातकामाबद्दल तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. बरोक ओबोवर फुगीर कडी, गोलाई, बारीक कंगोरे असतात. ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले कराल. एवढंच की त्यातल्या काही कड्या नुसत्या शोभेच्या नाहीत. चावी त्यांच्यात बसते. कडी पूर्ण गोल कातून ठेवायची, मग चावी जिथे येणार तिथे खाच पाडायची आणि उरलेला भाग छिन्नीनं काढून टाकायचा.

भोकांपाशी मात्र थांबावं लागेल. बरोक ओबोला बोटांची सहा भोकं. त्यातलं तिसरं, आणि बऱ्याचदा चौथंही, जोडभोक असतं, म्हणजे शेजारी शेजारी दोन बारीक भोकं. एकच झाकलं की अर्धा स्वर मिळतो. पहिल्यांदा प्रत्येक भोक हवं त्यापेक्षा लहान पाडायचं. स्वर उतरलेला असेल, असू द्या. मग ते आतून मोकळं करायचं. बाहेरचं तोंड तेवढंच ठेवून पोकळीकडचं तोंड रुंद करायचं, म्हणजे भोक आतून घंटेसारखं होतं. त्यासाठी छत्रीच्या आकाराचं एक लहानसं पातं असतं. ते पोकळीतून आत सोडायचं, बाहेरून भोकातून बारीक दांडा घालून त्याला अडकवायचा आणि हळूहळू ओढत फिरवायचं. पातं दिसत नाही. लाकूड किती निघालं ते फक्त हाताला आणि कानाला कळतं.

मागच्या महिन्यातला एक सांधा उदाहरण म्हणून सांगते. चौथ्या भोकाचा स्वर खालच्या सप्तकात उतरलेला, वरच्या सप्तकात जवळजवळ बरोबर. नुसतं भोक मोठं केलं असतं तर दोन्ही चढले असते आणि वरचा बिघडला असता. म्हणून पातं पत्तीच्या बाजूला कलतं धरून दोन फेरे दिले. भोकाच्या वरच्या अंगाचं लाकूड निघालं की स्वर चढतो. सांधा फुंकून साफ केला, जोडला, वाजवला, पेटीच्या स्वराशी ताडला. थोडासा चढला. परत दोन फेरे. असं अकरा वेळा केलं, आणि प्रत्येक वेळी मध्ये दहा मिनिटं थांबले, कारण हातात धरून लाकूड आणि फुंकून आतली हवा गरम होते आणि गरम वाद्य चढंच बोलतं. शेवटी वरचं सप्तक किंचित हललं होतंच. ते त्या भोकानं सुटलं नाही, खालच्या सांध्याच्या पोकळीत एका बोटभर जागी पुसटसा हात फिरवल्यावर सुटलं. पोकळीत एका जागी लाकूड काढलं की एक स्वर चढतो आणि दुसरा उतरतो, कारण प्रत्येक स्वराच्या लाटेचा दाब वेगळ्या जागी असतो. कोणत्या जागी काय होतं याची वही मी पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. तुम्हीही ठेवा. लाकूड जास्त निघालं तर भोकात लाखेचा पातळ थर देऊन स्वर थोडा उतरवता येतो, तुमच्याकडचं मेण तेच करतं. पण पोकळीत जास्त निघालेलं लाकूड परत घालता येत नाही.

'हातानं बनवलेला' या शब्दाचा अर्थ माझ्यापुरता एवढाच आहे. लोक विचारतात, आता सगळे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, यंत्रावर कातून घेतात, मग हाताचं काय राहिलं? खांब, चाव्या, बाहेरचं अंग यंत्रावर झालं तर मला काही वाईट वाटत नाही. यंत्र ते माझ्यापेक्षा सरळ करतं. पण दोन लाकडं सारखी नसतात. एकाच मापाच्या दोन सांध्यांत एक बोलका निघतो आणि एक अडून बसतो. त्या अडलेल्याला ऐकून, कुठलं लाकूड किती काढायचं हे ठरवणारा माणूस बाकावर असेल तर ते वाद्य हातानं बनवलेलं. तो नसेल तर जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. कुणी ओबो विकत घ्यायला निघालं तर मी हेच विचारायला सांगते: भोकं आतून कोण साफ करतं, आणि तो माणूस ओबो वाजवतो का?

चाव्यांचं थोडक्यात. बरोक ओबोच्या दोन चाव्या म्हणजे दीड-दोन मिलिमीटरच्या पितळी पत्र्यातून कापून कानशीनं घडवलेल्या पट्ट्या. खाली चामड्याची गादी, आणि ठोकून कडक केलेल्या पितळी पट्टीची स्प्रिंग. सर्वांत खालच्या स्वराच्या चावीला माशाच्या शेपटीसारखी दोन टोकं असतात, कारण त्या काळी कोणता हात खाली ठेवायचा हे ठरलेलं नव्हतं. तुमच्या गावातला चांगला तांबट किंवा सोनार हे काम एका दिवसात समजून घेईल.

आधुनिक ओबोच्या चाव्या हा वेगळाच प्रांत आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या त्रिएबेर घराण्यानं, आधी गियोम आणि मग मुलगा फ्रेदेरिक यांनी, टप्प्याटप्प्यानं ही रचना वाढवत नेली. त्यांच्याच कार्यशाळेत वाढलेले फ्रांस्वा लोरे यांनी १८८१ मध्ये स्वतःचा कारखाना काढला, आणि पॅरिस कॉन्झर्व्हेटरीचे शिक्षक जॉर्ज जिये यांच्या साथीनं जी रचना पुढे पक्की झाली, तीच आज जगभर चालते. १९०६ ची, बोटांच्या भोकांवर झाकणं असलेली रचनाही या कारखान्याची आणि जिये यांचीच. फक्त व्हिएन्नावाल्यांनी आपला जुन्या वळणाचा वेगळा ओबो सोडला नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये आजही तोच वाजतो. या चाव्या जर्मन सिल्व्हरच्या. नावात चांदी असली तरी त्यात असतं तांबं, निकेल आणि जस्त. प्रत्येक तुकडा घडवून, चांदीची डाख लावून जोडायचा, पोलादी दांड्यांवर बसवायचा, निळसर सुईसारख्या स्प्रिंगा लावायच्या, आणि प्रत्येक गादी सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी अडकवून तपासायची. कागद सगळीकडून सारखा धरला गेला पाहिजे. एक गादी केसभर उघडी राहिली तर तिच्याखालचे सगळे स्वर रुसतात. हे शिकायला जर्मनीत लुडविग्सबुर्ग आहे, फ्रान्समध्ये ल माँ शहरात इतेम ही वाद्यनिर्मिती शिकवणारी संस्था आहे. पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ बघून हे होत नाही.

आता पत्ती, कारण सुरुवात तिथूनच करायची आहे. ओबोची पत्ती अरुंडो डोनाक्स नावाच्या, बोरूसारख्या उंच गवताची होते. दक्षिण फ्रान्समधल्या वार भागातलं गवत सगळ्यांत नावाजलेलं. त्याचा दोन वर्षांचा दांडा थंडीत कापून उन्हात पिवळा होईपर्यंत सुकवतात. आधुनिक ओबोसाठी साडेदहा मिलिमीटरच्या आसपास व्यासाची नळी घेतात, तिचे तीन उभे भाग करतात, आतून कोरून मधली जाडी साधारण ०.६ मिलिमीटरवर आणतात, साच्यावर आकार देतात, मधोमध दुमडतात आणि ४७ मिलिमीटरच्या पितळी नळीवर दोऱ्यानं आवळून बांधतात. मग टोक कापायचं आणि चाकूनं तासायचं. बरोक पत्ती याहून रुंद असते. तिच्यावर ओठ सैल ठेवावा लागतो. वडिलांना सनईच्या पत्तीची जाण आहे, त्यांना शेजारी बसवा. नुसती पत्ती तोंडात धरून फुंकल्यावर तिचा आवाज कसा निघतो यावरून ते अर्धं निदान सांगतील. ती परीक्षा दोन्ही वाद्यांची सारखीच आहे.

कॉर अँग्ले आणि ओबो दामोरे ही ओबोची खालच्या पट्टीतली भावंडं. त्यांचा प्याला नासपतीसारखा फुगीर आणि तोंडाशी आवळलेला असतो, आणि पत्ती वाकड्या धातूच्या नळीवर बसते. ती नंतर. दोन-तीन ओबो झाल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नका.

तुमच्यासाठी क्रम असा सांगेन. आधी सहा महिने पत्त्या, किमान पन्नास तरी. त्याच वेळी एखाद्या युरोपीय संग्रहालयातल्या बरोक ओबोची मोजमापं मिळवा. अनेक वाद्यांचे प्रमाण आराखडे उपलब्ध आहेत. न्यूरेंबर्गच्या याकोब डेनरच्या वाद्यांवरून बरेच कारागीर शिकतात, मीही तिथूनच सुरू केलं. मग वरच्या सांध्याचा रीमर. तो झाला की हेदाचे तीन वरचे सांधे, नुसतीच पोकळी, भोकं नाहीत. तिन्ही उभे कापून दोन फाका करा आणि आतली भिंत उन्हात धरून बघा. ओरखडा कुठे, पायरी कुठे राहिली, सगळं दिसेल. आपणच केलेलं कापून टाकायला जड जातं, पण या फाका वर्षभर उपयोगी पडतील. त्यानंतर पूर्ण वाद्य. सराव झाला की दोन चाव्यांचा ओबो मला सलग काम धरलं तर दोन-अडीच आठवडे लागतात. तुमच्या पहिल्याला पाच-सहा महिने द्या.

तयार झाल्यावर चाव्या काढून सगळे सांधे आतून बाहेरून जवसाच्या तेलात चांगले मुरवा, पुसा, आठवडाभर सावलीत ठेवा. आपल्याकडच्या हवेत लाकडाचं खरं नुकसान पावसाळ्यातल्या दमटपणानं तेवढं होत नाही, जेवढं दमट हवेतून एकदम एसीच्या कोरड्या खोलीत आणि परत बाहेर नेल्यानं होतं. मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात वाजवणाऱ्या वादकांनाही मी हेच सांगते: खोली बदलली की वाद्य ठेवायची पेटी लगेच उघडू नका, अर्धा तास जाऊ द्या. वाद्य थंड असेल तर आधी हातात आणि बगलेत धरून बाहेरून ऊब द्या, मग फुंका. वाजवून झालं की आतून रेशमी कापड ओढून ओल काढा, सांध्यांच्या खोबणींतलीसुद्धा.

आणि वडील वाजवायला बसतील तेव्हा त्यांना आवरा, ते कितीही रंगात आले तरी. पहिला आठवडा दिवसाला दहा मिनिटं, दुसरा आठवडा पंधरा, मग पाच-पाच मिनिटांनी वाढवत न्या. महिनाभरानंतर भोकं पुन्हा एकदा तपासा. लाकूड थोडं हललेलं असेल आणि दोन-तीन स्वर पुन्हा जागेवर आणावे लागतील. ते छत्रीचं पातं तोवर धार लावून ठेवा.